जमिनीचें परीक्षण आणि घरची बाजरी

पिकाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं कीं आपण मातीचें परीक्षण करून घेतों, आणि जस्ताची उणीव आहे असें कळतांच झिंक सल्फेटाचें पोतें बांधावर येऊन पडतें. ह्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु घरांतील लेकीसुनांचे चेहरे फिके पडले, विहिरीवरून घरीं येतांना त्यांस धाप लागली, तर 'अशक्तपणा' ह्या एका शब्दावर आपण प्रकरण मिटवितों. हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयी आढळल्या. ह्याचीं कारणें अनेक. तथापि लोहाची उणीव हें त्यांतील मोठें कारण होय. माणसाच्या सबंध शरीरांत लोह अवघें तीनचार ग्रॅम असतें. त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग रक्तांतील तांबड्या कणांत राहून प्राणवायु अवयवांस पोंचवितो. जस्ताचेंही तसेंच, तें कमी पडल्यास मुलांची वाढ खुंटते व जखमा लवकर भरत नाहींत.

उपाय दूर नाहीं. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें इक्रिसॅटनें काढलेला 'धनशक्ति' हा बाजरीचा वाण २०१२ सालीं महाराष्ट्रासाठीं प्रसृत झाला. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारें ७१ मिलिग्रॅम लोह असतें. नाचणीच्या १०० ग्रॅमांत कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमांहून अधिक, तर सडलेल्या तांदुळांत दहाच्या आसपास! असें असतां घरची बाजरी मोडून आपण ऊंस लावितों आणि बाजारचें धान्य घरीं आणितों.

बाजरीस भाव नाहीं, असें कोणी म्हणेल. विकावयाच्या बाजरीस नसेल. खावयाच्या बाजरीचा हिशेब निराळा आहे.

धान्यांतील सर्व लोह अंगीं लागतें असें मात्र नाहीं. त्यांतील फायटिक आम्ल तें बांधून ठेवितें. मोड आणल्यानें हा अडथळा कमी होतो. जेवणांत लिंबू असल्यास शोषण वाढतें. जेवणावर लगेच घेतलेला चहा तेंच घटवितो. ही संवय आपल्या घरोघरीं आहे. गरोदर स्त्रीस केवळ भाकरी पुरणार नाहीं, तिला डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्रत्येक सभासदानें येत्या खरिपांत घरापुरत्या बाजरीचा तुकडा राखावा, ती विकूं नये, आणि तिची पहिली भाकरी घरांत सर्वांच्या मागून जेवणारीच्या ताटांत वाढावी.