रिपोर्टवर नुसतं 'आर' नको

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


मी मायक्रोबायोलॉजीची डॉक्टर. जिल्ह्याच्या गावाहून आमच्याकडे पाठवलेल्या रुग्णाच्या फायलीत कल्चरचा रिपोर्ट असतो : 'क्लेब्सिएल्ला, मेरोपेनेम – आर.' म्हणजे रेझिस्टंट. औषध चालणार नाही हे कळलं. पण मग चालेल कोणतं?

ते ठरतं आतड्यातला हा जंतू कोणतं एन्झाइम बनवतो त्यावर. ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम सहसा उपयोगी पडतं. एनडीएम असेल तर त्या महागड्या इंजेक्शनचा एकट्याने काही उपयोग नाही, जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम लागतं. सेप्सिसच्या रुग्णावर अंदाजाने प्रयोग करायला वेळ कुठे असतो?

हे तपासायला फार मोठं यंत्र लागत नाही. मेरोपेनेमची डिस्क जंतू कालवलेल्या ब्रॉथमध्ये चार तास ठेवायची, मग औषधाने हमखास मरणारा ई. कोलाय पसरलेल्या प्लेटवर. एन्झाइमने औषध फोडलं असेल, तर दुसऱ्या दिवशी ई. कोलाय डिस्कला खेटून उगवलेला दिसतो. हीच चाचणी दुसऱ्या नळीतही करायची, पण तिथे ब्रॉथमध्ये ईडीटीए घालायचं. ते जस्त धरून ठेवतं आणि जस्ताशिवाय एनडीएमचं काही चालत नाही. म्हणून एनडीएम असेल तर तिथला झोन, म्हणजे डिस्कभोवतीची ई. कोलाय न उगवलेली जागा, किमान ५ मिलिमीटरने मोठा येतो. मोजायला पट्टी पुरते. दोन्ही एन्झाइम एकाच जंतूत असली तर मात्र ही चाचणी फसू शकते. झोन वाढला नाही, तर तो जंतू पीसीआरसाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायलाच हवा.

२०१० मध्ये एनडीएमला (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) दिल्लीचं नाव का दिलं म्हणून देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम औषधांना दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ सापडल्याचं प्रसिद्ध केलं. खरं तर गदारोळ त्या आकड्यावर व्हायला हवा होता.

जिथे कल्चर होतं अशा प्रत्येक जिल्हा प्रयोगशाळेच्या खरेदीत या डिस्क, ब्रॉथ आणि ईडीटीए धरा. टेक्निशियनना ही चाचणी हाताने करायला शिकवा. रिपोर्टच्या फॉर्मवर एन्झाइमचा रकाना छापा. आणि मायक्रोबायोलॉजिस्टचं पद जिथे रिकामं असेल, तिथे आधी ते भरा. नाहीतर डिस्क फ्रिजमध्येच एक्स्पायर होतील आणि कागदावर योजना राबवल्याची नोंद होईल.

आपली,
एक मायक्रोबायोलॉजिस्ट