कुरखेड्यात शार्क कशाला?



डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी अध्यापनाची सूत्रं पाठ केली. सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. सराव पाठाच्या टाचणात ती लिहावीच लागायची. सूत्रं चांगली आहेत, मी आजही वापरतो. पण आणखी एक सूत्र त्या यादीत हवं होतं असं मला हल्ली ठामपणे वाटतं. ते म्हणजे अज्ञाताकडून ज्ञाताकडे. मूल आधी कुठल्यातरी लांबच्या गोष्टीच्या नादी लागतं आणि तिथून फिरून आपल्या अंगणात येतं. अशा मुलाला आपण अर्ध्या रस्त्यात अडवतो, म्हणून हा लेख.

माझ्या वर्गात चौथीचा एक मुलगा आहे. घरी गोंडी बोलतात. वर्गात तो फारसं बोलत नसे, वाचनात मागे होता, जोडाक्षर आलं की थांबायचा. याला शार्कचं वेड लागलं. सुरुवात मोबाईलवरच्या व्हिडिओने झाली आणि वर्गवाचनालयातल्या माशांच्या पुस्तकाने ते वाढवलं. आता तो 'कूर्चा' हा शब्द न अडखळता वाचतो, कारण शार्कच्या अंगात एकही हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा असतो, ही गोष्ट त्याला साऱ्या वर्गाला सांगायची होती. "सर, शार्कले हाडंच राहत नाही जी! आपल्या कानावानी राहते." सगळा वर्ग आपापले कान दाबून पाहायला लागला. इतकं लांब वाक्य त्याने मराठीत पहिल्यांदा बोललं होतं.

आता आक्षेप ऐका. पालक म्हणतात, घोटच्या नवोदयला काय शार्क विचारणार आहेत? सहकारी म्हणतात, निपुणची उद्दिष्टं आधी पूर्ण करा. आणि जरा अभ्यासू माणसं म्हणतात, मुलांना स्थानिक परिसर शिकवा, कुरखेड्यात शार्क कशाला? इथून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. पहिल्या दोन आक्षेपांवर मी फार वाद घालत नाही. वाचन सुधारलं तर निपुण आपोआप साधतं आणि नवोदयचा उताराही समजतो. तिसरा आक्षेप मात्र मला मनापासून खटकतो. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण त्याचा अर्थ असा होतो की पुण्या-मुंबईच्या मुलाने सारं जग पाहावं आणि आमच्या मुलाने मोहफूल आणि तेंदूपत्ता. मोहफूल तर त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं हो!

आणि गंमत बघा, शार्कच्या मागे लागून हा मुलगा परिसराकडेच आला.

एक उदाहरण देतो. माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, त्यामुळे तो पाण्यात खाली-वर तरंगू शकतो. आपल्याकडे मासे साफ करताना तो पांढरा फुगा प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो, त्याच्याशी खेळलेलंही असतं. पण तो कशासाठी असतो हे कोणी विचारत नाही. शार्कला हा फुगा नसतो हे वाचल्यावर याला पहिल्यांदा प्रश्न पडला, मग रोहूला कशाला असतो? शार्कचं काम भागतं ते तेलाने भरलेल्या मोठ्या यकृतावर. तेल पाण्यापेक्षा हलकं. शेजारच्या गुजरात किनाऱ्यावर लाकडी होड्यांना लावायला देवमाशाएवढ्या व्हेल शार्कचं तेल वापरत. पुढे २००१ साली या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, संरक्षण मिळालं.

दुसरं उदाहरण युरियाचं. समुद्राचं पाणी खारट, ते अंगातलं पाणी ओढून घेतं. शार्क यावर उपाय म्हणून स्वतःच्या रक्तात युरिया साठवून ठेवतो. कोकणात मोरी किंवा मुशी म्हणून लहान शार्क खातात. ती ताजी नसेल तर तिला जो उग्र वास सुटतो त्याचं मूळ या युरियात आहे. मी 'युरिया' म्हणताच वर्गात खळबळ. "आमच्या बांधीत टाकतेत तोच का जी?" होय, तोच पदार्थ. धानाला पोत्यातून घालतो तो युरिया माशाच्या रक्तात असतो, आपल्या लघवीतही असतो. त्या दिवशी ठरलेला पाठ झाला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिसरं उदाहरण मला स्वतःला सगळ्यात आवडतं. शार्कच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांत चिकट द्रव भरलेला असतो. कुठलाही जीव हालचाल करतो तेव्हा त्याच्या स्नायूंमधून अतिशय मंद वीज निर्माण होते आणि शार्कला ती त्या छिद्रांतून जाणवते. वाळूखाली लपलेला मासाही त्याला असा सापडतो. मुलाने विचारलं, आपल्या बोडीत असा कोणता मासा आहे का? शोधलं, तर आहे! आपला मागूर. मिशावाल्या माशांच्या कुळाला ही मंद वीज ओळखता येते. गढूळ पाण्यात, रात्री, चिखलात त्याला भक्ष्य कसं सापडतं याचा एक भाग हा आहे. मागूर याने शंभरदा हाताळला असेल. त्याच्याकडे कुतूहलाने बघायला तो शार्कमार्गे आला. मी थेट 'आपल्या परिसरातील मासे' असा पाठ घेतला असता तर हा प्रश्न कोणाच्याही तोंडून आला नसता. मला विचाराल तर माझ्याही नाही.

आता वेडातल्या धोक्याबद्दल. मोबाईलवर शार्कबद्दल जेवढं खरं मिळतं त्याच्या कितीतरी पट खोटं मिळतं. मेगालोडॉन नावाचा महाकाय शार्क अजून खोल समुद्रात जिवंत आहे असं या मुलाची ठाम समजूत होती. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच संपला. सगळे शार्क थांबले की गुदमरून मरतात, हेही खोटं. काही जाती तळाशी निवांत पडून गालफडांनी पाणी ओढत श्वास घेतात. शार्कला कॅन्सर होत नाही म्हणून त्याच्या कूर्चेच्या गोळ्या विकल्या जातात. हे तर पालकांनी नीट ऐकावं, कारण शार्कलाही गाठी होतात आणि त्या गोळ्यांनी कोणाचा कॅन्सर बरा होत नाही. इथे शिक्षकाची खरी गरज आहे. वेड मुलाचं, पारख आपली. "हे तुला कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं?" हे दोन प्रश्न मी वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत.

आणि खऱ्या गोष्टी काही कमी चक्रावणाऱ्या आहेत का? ग्रीनलंड शार्क किमान २७२ वर्षं जगतो असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला आणि त्याला पिल्लं होण्याचं वय येतं सुमारे दीडशे वर्षांनी. म्हणजे शिवाजी महाराजांचे वंशज सातारा-कोल्हापूरला राज्य करत होते तेव्हा जन्मलेला एखादा शार्क आज थंड समुद्रात पोहत असू शकतो. शार्कचे दात पडतात आणि मागच्या ओळीतून नवे पुढे सरकतात, आयुष्यभर. चौथीच्या मुलांचे दात पडण्याचंच वय, त्यामुळे हा मुद्दा फार रंगला. त्याची कातडीसुद्धा दातांसारख्या बारीक खवल्यांची असते, उलट्या बाजूने हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागते.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या भागातली मुलं भीती पुस्तकात वाचत नाहीत. वडसा वनविभागातला सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला, तोपर्यंत गावोगाव लोक जंगलात जायला घाबरत होते. २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही कुरखेडा-कोरची भागात धानाची नासधूस करतो आहे. अशा ठिकाणी दात असलेल्या प्राण्याचा शांतपणे अभ्यास करायचा तर तो जरा लांबचाच बरा, असं मला वाटतं. शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाला किती माणसं मरतात, हे आम्ही शोधलं. साधारण पाच ते दहा. मुलांचा विश्वास बसेना. सिनेमात तर एकाच दिवशी तेवढी मरतात! "मग आपल्याकडं कशानं मरतेत जी?" असा प्रश्न आला आणि आम्ही सापावर पोचलो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उरलेला तास साप चावल्यावर काय करायचं यात गेला. मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, जखम घट्ट आवळणं नाही, हलवाहलव कमी आणि लगेच दवाखाना. घरी जाऊन मुलांनी हे सांगितलं. एका आजोबांना ते पटलं नाही, वाद झाला म्हणे. होऊ द्या वाद.

पालकांसाठी एक खरी गोष्ट. युजीनी क्लार्क नावाच्या एका जपानी-अमेरिकी मुलीचे वडील ती लहान असतानाच वारले. आई न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्राच्या स्टॉलवर कामाला. शनिवारी कामावर जाताना मुलीला कुठे ठेवायचं म्हणून ती तिला मत्स्यालयात सोडून जायची. नऊ वर्षांची ती पोरगी तासन् तास काचेला नाक लावून शार्क बघत बसे. पुढे तीच जगातली नावाजलेली शार्क-अभ्यासक झाली. शार्कला शिकवता येतं हे तिने प्रयोगाने दाखवलं, १९५५ साली फ्लोरिडात प्रयोगशाळा सुरू केली आणि नव्वदी गाठेपर्यंत ती समुद्रात उतरत होती. आपलं मूल शास्त्रज्ञ होईल असं मी म्हणत नाही, बहुतेक होणार नाही. त्या आईने खास काही शिकवलंही नव्हतं. तिने फक्त बघायला वेळ दिला आणि 'हे कशाला' असं विचारलं नाही. एवढं तर धानकापणीच्या दिवसांतही आपल्याला जमण्यासारखं आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. असं वेड दिसलं की लगेच त्याचा प्रकल्प करू नका. थर्माकोलचा शार्क, रंगीत कागद, तालुका विज्ञान प्रदर्शन, प्रमाणपत्र, फोटो. अशाने वेड मरतं हो. फार तर त्याला एक शंभर पानी वही द्या आणि त्यात काय लिहावं हे सांगू नका.

शेवटी 'कुरखेड्यात शार्क कशाला' याचं एक उत्तर, जे मला स्वतःला या मुलामुळे शोधावं लागलं. आपल्या सती नदीचं पाणी शेवटी वैनगंगेला मिळतं. वैनगंगा वर्धेला भेटली की प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात ज्युरासिक काळाचे खडक आहेत, त्यांना 'कोटा' थर म्हणतात, सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून. याच थरांत पोचमपल्लीला बारापासॉरस डायनोसॉर सापडला, ज्याला १९७५ साली रवींद्रनाथ टागोरांच्या सन्मानार्थ 'टागोराय' हे नाव दिलं गेलं. वडधमचं जीवाश्म उद्यान आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पण याच कोटा थरांत, नदीपलीकडे तेलंगणाच्या बाजूला, शार्कचे दातही सापडले आहेत! समुद्रातल्या नव्हे, गोड्या पाण्यात राहणाऱ्या लहान शार्कचे. १९८६ साली त्या जातीला 'इंडिकस' हे नाव मिळालं.

हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. तो मुलगा मात्र लगेच म्हणाला, "दातच सापडले असन जी. कूर्चा तर सडून जाते." बरोबर होतं त्याचं. शार्कचा सांगाडा सहसा टिकत नाही, मागे उरतात ते दात. आणि हे दात मिलिमीटरमध्ये मोजायचे, खडक विरघळवून, गाळ चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली वेचायचे.

यंदाची सहल सिरोंचाला न्यावी असं आमच्या मनात आहे. अंतर मोठं आहे, एका दिवसात परत येणं होणार नाही आणि मुलं चौथी-पाचवीची. तुमच्यापैकी कोणी वडधमला वर्ग नेला असेल तर मुक्कामाची सोय कुठे होते आणि उद्यान दाखवायला सोबत कोण येतं, हे नक्की कळवा.