दुसऱ्या प्रतीचा मान

फ्रान्स देशाच्या नैऋत्य भागात बोर्दो शहराच्या परिसरात शातो मार्गो या नावाचा एक द्राक्षमळा आहे. सन १८५५ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या प्रांतातील मद्यांची जी प्रतवारी झाली, तीत पहिल्या श्रेणीचा मान ज्या मोजक्या मळ्यांना मिळाला, त्यांत हा एक होय. ही प्रतवारी कोणा राजपुरुषाच्या मर्जीने झाली नव्हती. अनेक वर्षे बाजारात ज्या मालास जो भाव मिळत आला होता, तो पाहून दलालांनी ती लावली होती. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो मान टिकून आहे. तो कशाने टिकला, हा प्रश्न जालना जिल्ह्यातील बागायतदारांनी विचारात घेण्याजोगा आहे. येथे मद्याची भलामण करावयाची नाही. घ्यावयाचा आहे तो केवळ निवडीचा धडा.

या मळ्यात काळ्या द्राक्षांच्या वेली सुमारे ऐंशी हेक्टरांवर आहेत. जमिनीच्या निरनिराळ्या तुकड्यांतील द्राक्षे वेगवेगळी तोडली जातात व त्यांचा रसही वेगवेगळ्या पिंपांत आंबविला जातो. पुढे जाणकार मंडळी प्रत्येक पिंपाची चव घेऊन निर्णय देतात. जो माल कसोटीस पूर्ण उतरेल, त्यासच मळ्याचे मूळ नाव मिळते. कोवळ्या वेलींचा व किंचित उणा ठरलेला माल ‘पाव्हियाँ रूज’ या दुसऱ्या नावाने विकला जातो. हे नाव १९०८ सालापासूनचे आहे. मध्यंतरी काही दशके त्यात खंड पडला. १९७७ साली मळ्याची मालकी बदलली आणि १९७८ च्या हंगामापासून ही दुसरी प्रत पुन्हा सुरू झाली. अलीकडच्या हंगामांत तर निम्म्याहूनही कमी मालास पहिले नाव दिले जाते. २००९ च्या हंगामापासून तिसरी प्रतही वेगळी काढण्यात आली.

वरवर पाहता हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. सगळाच माल मोठ्या नावाखाली खपविला असता, तर त्या एका वर्षी पैसा अधिक आला असता. परंतु पुढील वर्षी गिऱ्हाइकाने तोंड फिरविले असते. दुसऱ्या प्रतीमुळे पहिलीचा भाव राहतो. आणि दुसरी प्रत काही लपवाछपवी न करता आपल्या नावाने उभी राहिल्याने तिलाही स्वतःचे गिऱ्हाईक मिळते. दुय्यम म्हणजे निकृष्ट नव्हे, हे तत्त्व तेथे व्यवहारात उतरले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोट विकासाच्या कामातून आणि शेकडो शेततळ्यांच्या आधाराने द्राक्षबागांत नाव मिळविले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. ज्या वाचल्या, त्यांतील अनेक टँकरच्या विकतच्या पाण्यावर वाचल्या. अशा रीतीने घोटाघोटाने जगविलेल्या बागेचे फळ बाजारात कोणत्या रूपाने जाते? पुष्कळ ठिकाणी बाग गुत्त्याने दिली जाते आणि थोर, मध्यम, बारीक, डागी असे सारे फळ एकाच ढिगात पडते. भाव ठरतो तो ढिगातील हलक्या फळाकडे बोट दाखवून. परिणामी उत्तम फळ पिकविणाऱ्याचे श्रम बारीक फळाच्या मोलाने विकले जातात.

द्राक्षांच्या पेटीतही हाच दोष आढळतो. वरच्या थरास टपोरे घड आणि तळाशी लहान मण्यांचे, अशी भरणी करणारा एका पेटीत चार पैसे मिळवितो; परंतु ती पेटी ज्या गावाच्या नावाने गेली, त्या गावाचे नाव सर्वांचे असते. मानांकनाचेही तसेच आहे. ती सामाईक विहीर आहे. एकाने घाण टाकली, तर पाणी सर्वांचे नासते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ऐंशी हेक्टरांच्या मळ्याची रीत दोन एकरांच्या धन्यास कशी झेपावी? निवडीस मजूर लागतात, जागा लागते, आणि व्यापारी तर बाग सरसकटच मागतो. हा आक्षेप खोटा नाही. केवळ ‘प्रतवारी करा’ असा उपदेश करून भागणार नाही. निवडलेल्या मालाला वेगळा भाव मिळाला नाही, तर निवडीचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो. म्हणूनच हे काम एकेकट्याचे नसून गटाचे आहे. वीस-पंचवीस बागायतदारांनी, अथवा त्यांच्या उत्पादक कंपनीने, एक निवडशेड उभारावी. आकार, रंग व डाग यांचे नियम तोडणीपूर्वीच लेखी ठरवावेत. आणि निवड मालाच्या धन्याने न करता गटाने नेमलेल्या माणसाने करावी. पहिल्या प्रतीच्या पेटीवरच मानांकनाचे नाव असावे. दुसऱ्या प्रतीवर ‘दुसरी प्रत’ असे स्पष्ट छापावे. रसासाठी फळ घेणाऱ्यास आकाराशी फारसे कर्तव्य नसते. त्यास रसदार, निरोगी आणि प्रत्येक खेपेस सारखे फळ हवे असते.

द्राक्षांत दुसऱ्या प्रतीस बेदाण्याची वाट मोकळी आहे. मणी लहान असले तरी गोडी वीस अंश ब्रिक्सच्या वर गेलेली असेल, तर बेदाणा चांगला उतरतो; साधारणतः चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. मात्र कुजलेले, भुरी लागलेले वा गारपिटीने फुटलेले घड दुसऱ्या प्रतीत घालू नयेत. ती प्रतच नव्हे. तो टाकाऊ माल होय. २०१४ च्या गारपिटीसारखे संकट आले असता हा मोह अनावर होतो, हे खरे. तरी नावाची परीक्षा अशाच वर्षी होत असते.

हलक्या जमिनीतील झाड, कोवळी बाग, अपुऱ्या पाण्याचा बहार यांचे फळ थोडे उणे येणारच. त्यात शेतकऱ्यास कमीपणा नाही. कमीपणा आहे तो उणे फळ चांगल्याच्या आड लपविण्यात. पुढील हंगामाची तोडणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावाने एकत्र बसून आपली दुसरी प्रत कोणती, एवढे जरी ठरविले, तरी पहिल्या प्रतीचे रक्षण आपोआप होईल.