शनिवारचा गटे, रविवारचा बुखेनवाल्ड

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या वीकेंड ट्रिपांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती गोड शब्दांत मांडायची माझी इच्छा नाही. आपण अर्धीच ट्रिप करतो. जो इतिहास फोटोत छान दिसतो तिथे आपण झाडून सगळे हजर असतो. जो इतिहास उलट आपल्यालाच प्रश्न विचारतो, तिथे जायची वेळ आली की आपल्याला नेमकी सोमवारची असाइनमेंट आठवते.

मी थुरिंगिया राज्यात शिकते. आमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची सहल निघते. शनिवारी वायमार शहर, रविवारी तिथून आठेक किलोमीटरवर एटर्सबर्ग टेकडीवरची बुखेनवाल्डची छळछावणी. यंदा आमच्या भारतीय ग्रुपमधून शनिवारी अठरा जण आले, रविवारी पाच. बाकीच्यांची कारणं व्हॉट्सअॅपवर आहेतच. ‘मूड ऑफ होतो यार.’ ‘तिकडे बघण्यासारखं काय आहे, रिकामं मैदान तर आहे.’ आणि सगळ्यात जास्त लाइक मिळालेलं कारण: ‘तो त्यांचा इतिहास आहे, आपला काय संबंध?’

या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी शनिवारचं बघू. वायमार म्हणजे गटेचं गाव. १७७५ साली तो इथे आला आणि १८३२ साली इथेच गेला. गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्याला नाचताना कुणी पाहिलेलं नाही, पण १७९१ मध्ये शाकुंतलाचा जर्मन अनुवाद वाचून त्याने कालिदासाच्या कौतुकाच्या ओळी लिहिल्या हे खरं आहे. तर त्या शनिवारी गटेच्या घरासमोर अठराच्या अठरा जणांनी फोटो काढले आणि निम्म्यांच्या कॅप्शनमध्ये शाकुंतल होतं. कुणालाही ‘आपला काय संबंध’ असं वाटलं नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन कवीने आपलं कौतुक केलं की तो आपला. ऐंशी वर्षांपूर्वी त्याच गावाच्या डोक्यावर माणसं मारली गेली की तो त्यांचा प्रश्न. संबंध असा सोयीने जोडता आणि तोडता येत नाही. गटे आपला असेल तर टेकडीसुद्धा घ्यावी लागेल.

कारण टेकडी गटेचीसुद्धा आहे. एटर्सबर्गवर त्याचं येणं-जाणं होतं. जुलै १९३७ मध्ये नाझींनी तिथे छावणी उभारायला घेतली, तेव्हा तिचं नाव ‘एटर्सबर्ग’ ठेवायचं ठरत होतं. त्यावर वायमारच्या सांस्कृतिक मंडळींनी हरकत घेतली. हरकत छावणीला नव्हती, नावाला होती. गटेच्या आठवणी जोडलेलं नाव अशा जागेला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग नवंच नाव घडवलं गेलं: बुखेनवाल्ड, म्हणजे बीच नावाच्या झाडांचं जंगल. संस्कृती जपली गेली, आणि काटेरी तार ओढायचं काम सुरू राहिलं.

ही एक गोष्ट कळण्यासाठीसुद्धा रविवार घालवायला हरकत नाही. विद्येचं माहेरघर, सांस्कृतिक राजधानी अशी बिरुदं आपण आपल्या शहरांना फार हौसेने लावतो. सुशिक्षित, नाटक-संगीत जाणणारं शहर वाईट वागणार नाही, असं आपण गृहीत धरतो. वायमारमध्ये नाट्यगृह होतं, ग्रंथालय होतं, १९१९ साली बाउहाउस ही जगप्रसिद्ध कलाशाळा इथेच सुरू झाली. आणि याच वायमार राजधानी असलेल्या थुरिंगियात १९३० साली, म्हणजे हिटलर चॅन्सेलर होण्याच्या तीन वर्षं आधी, नाझी मंत्री सरकारात बसला होता. पुस्तकं वाचल्याने माणूस आपोआप चांगला होत नाही, याचा इतका ढळढळीत पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

आता टेकडीवर चला. वायमार स्टेशनवरून बस मिळते, सेमिस्टर तिकीट चालतं, आत जायला पैसे लागत नाहीत. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारण बाद. छावणीच्या लोखंडी फाटकावर तीन शब्द आहेत. त्यांचा अर्थ साधारण ‘ज्याचं त्याला’. ती अक्षरं बाहेरून उलटी दिसतात. वाचायला आतच उभं राहावं लागतं, कारण ती कैद्यांसाठीच होती. ती रेखाटली फ्रांझ एर्लिख या कैद्याने. तो बाउहाउसमध्ये शिकलेला होता. शनिवारी ज्या शाळेचं म्युझियम बघून आपण खुर्च्यांचे आणि दिव्यांचे फोटो टाकतो, त्या शाळेचा विद्यार्थी रविवारी या फाटकावर भेटतो. ट्रिप अर्धी सोडणाऱ्याला ही भेट होत नाही.

फाटकावरचं घड्याळ सव्वातीनवर थांबवलेलं आहे, ११ एप्रिल १९४५ च्या सुटकेची वेळ. तोवर ही छावणी आणि तिच्या उपछावण्या मिळून सुमारे २ लाख ८० हजार माणसं इथून गेली आणि ५६ हजारांहून जास्त मेली. आत खरंच मोकळं मैदान आहे. बहुतेक बराकी राहिलेल्या नाहीत. हजेरीच्या मैदानात जमिनीत एक धातूचा पत्रा बसवलाय, त्यावर इथे डांबलेल्या पन्नासहून अधिक देशांच्या आणि समूहांच्या लोकांची नावं आहेत. तो पत्रा बारा महिने ३७ अंश सेल्सियसवर ठेवलेला असतो. माणसाच्या अंगाचं तापमान. थंडीत आजूबाजूला बर्फ असतो आणि त्या पत्र्यावर हात ठेवला की कुणाच्या तरी कपाळावर ठेवल्यासारखा वाटतो. ‘बघण्यासारखं काय आहे’ म्हणणाऱ्यांनी तिथे गुडघे टेकून हात ठेवावा, मग बोलू.

आणि संबंधच हवा असेल तर तोही तिथे आहे. इथे ज्यू होते, कम्युनिस्ट होते, सोव्हिएत युद्धकैदी होते, समलिंगी पुरुष होते. आणि सिंती व रोमा होते, ज्यांना युरोपने शतकानुशतकं ‘जिप्सी’ म्हणून हाकललं. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघाले. त्यांच्या भाषेत कान, नाक, पाणी हे शब्द जवळजवळ तसेच आहेत. म्हणजे या मैदानात कुणीतरी ‘पाणी’ मागितलं असेल, आणि ते तुम्हाला-मला दुभाष्याशिवाय कळलं असतं.

पण हा मुद्दा मला फार ताणायचा नाही. रक्ताचं किंवा शब्दाचं नातं निघालं तरच माणूस आपला, असं म्हणणं हा त्याच रोगाचा सौम्य प्रकार आहे. मला खरा संबंध वेगळाच दिसतो. तो शेजाऱ्यांचा.

१६ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्याने वायमारच्या हजारेक नागरिकांना चालत टेकडीवर नेलं आणि प्रेतांचे ढीग दाखवले. नागरिकांचं म्हणणं एकच: आम्हाला माहीतच नव्हतं. आता हिशेब करा. १९४३ मध्ये छावणीपर्यंत रेल्वे टाकली जाईपर्यंत कैदी वायमारच्या स्टेशनवर उतरत होते. छावणीचं स्वतःचं स्मशान होईपर्यंत मृतदेह शहराच्या स्मशानात जाळले जात होते. गावातल्या कारखान्यात कैदी राबत होते. छावणीच्या कुंपणाला लागून पहारेकऱ्यांच्या करमणुकीसाठी प्राणिसंग्रहालय होतं. अस्वलांच्या पिंजऱ्याचे अवशेष आजही दिसतात, आणि तिथून प्रेतं जाळायची चिमणी काही पावलांवर आहे. माहीत नव्हतं, असं नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं. ‘आपला काय संबंध’ हे वाक्य वायमारकर आठ वर्षं म्हणत होते. म्हणून ते आपल्या ग्रुपवर वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

यावर दोन हुकमी उत्तरं येतात. पहिलं: इंग्रजांनी काय कमी केलं? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्याची ट्रिप कोण काढतो? बरोबर आहे, काढायला हवी. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी बंगालच्या दुष्काळावर एक तरी पुस्तक उघडलंय? एका प्रेताने दुसरं प्रेत झाकता येत नाही. बुखेनवाल्डमध्ये तर हेही शिकायला मिळतं: नाझी गेल्यावर १९४५ ते १९५० या काळात सोव्हिएत सत्तेने त्याच जागी स्वतःची छावणी चालवली, त्यात ७ हजारांहून जास्त लोक मेले. स्मारकात तेही मांडलंय. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नावाने माफ केलेला नाही.

दुसरं उत्तर जास्त धोक्याचं आहे, कारण ते हसत हसत येतं. ‘काही म्हण, माणूस शिस्तीचा होता. आपल्याकडे एक हिटलर पाहिजे.’ हे वाक्य मी रिक्षात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि जर्मनीत मास्टर्स करणाऱ्या इंजिनिअरच्या तोंडूनही ऐकलंय. रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर त्याचं आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी विकायला असतं. या मित्रांना मला सांगायचंय की त्या शिस्तीत तुमची जागा कुठे असती ते एकदा टेकडीवर जाऊन बघा. १९३८ मध्ये ‘कामचुकार’ असा शिक्का मारून हजारो बेघर, भिकारी, बेकार लोकांना उचलून छावण्यांत टाकलं गेलं. शिस्त हवी म्हणणाऱ्याला नेहमी वाटतं की आपण हजेरी घेणारे असू. मैदानात उभी असलेली माणसं ही हजेरी देणारी होती.

मी सोलापूरची. आमच्या गावात एका भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांतल्या माणसांना तिथे तारेच्या कुंपणात, हजेरी लावून ठेवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं ती तार तिथे होती. बुखेनवाल्ड आणि सेटलमेंट एकच होते असं मी म्हणत नाही; एकीकडे मृत्यूचा कारखाना होता, दुसरीकडे नव्हता. पण कुंपणाबाहेरचे शेजारी सारखेच होते. आमच्या शाळेची सहल तुळजापूरला गेली, पंढरपूरला गेली, विजापूरचा गोलघुमट बघून आली. शाळेपासून दोन किलोमीटरवरच्या सेटलमेंटला कधीच गेली नाही. तिथल्या पोरांबरोबर डबा खाऊ नका, एवढंच भूगोलाचं ज्ञान आम्हाला मिळालं होतं.

जर्मनांना उगाच देवत्व द्यायचं कारण नाही. त्यांनाही दशकं लागली, आणि आजही तिथे सगळं आलबेल नाही. पण आपल्या गावाशेजारची तार दाखवायला ते परदेशी पोरांना बसमध्ये घालून नेतात. हे आपण शिकायचं नसेल तर इथे येऊन नक्की काय शिकतोय? क्रेडिट्स?

तेव्हा पुढच्या सेमिस्टरला ट्रिप निघाली की माझी एक सूचना आहे: क्रम उलटा करा. शनिवारी टेकडी, रविवारी गाव. आधी त्या कोमट पत्र्यावर हात ठेवा, मग गटेच्या अंगणात जा. फोटो जरूर काढा. फक्त बाजूच्या घरांच्या खिडक्यांकडे एकदा बघा आणि त्यांमागे १९३७ ते १९४५ कोण राहत होतं, ते गाइडला विचारा. आणि सुट्टीत घरी गेलात की हाच प्रश्न आपल्या गल्लीत विचारा. तिथे गाइड मिळणार नाही. आजीला विचारावं लागेल, आणि तीही आधी म्हणेल, ‘आम्हाला काय माहीत?’ तेव्हा विषय बदलू नका.