खेळ रचणाऱ्याचे गुण

‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न आम्ही दरवर्षी नव्या वर्गास विचारीत आलो आहोत. डॉक्टर, वकील, शिक्षक, फौजदार ही उत्तरे आमच्या चांगल्या परिचयाची आहेत. परंतु अलीकडे मागील बाकांवरून एक नवेच उत्तर ऐकू येऊ लागले आहे : ‘सर, मी व्हिडिओ गेम बनवणार.’ वर्ग हसतो. आणि हेच उत्तर घरी गेले म्हणजे वडिलांच्या कपाळास आठी पडते. आम्हीही परवापरवापर्यंत आठी घालणाऱ्यांपैकीच होतो. आमचा तो ग्रह कसा पालटला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी नववीच्या तासास एक विद्यार्थी धड्याखाली दुसरीच वही लपवून काही रेखाटीत बसलेला आढळला. आम्ही वही काढून घेतली, चारचौघांत त्यास चार कठोर शब्द ऐकविले आणि ती मेजाच्या खणात टाकून दिली. सायंकाळी सहज उघडून पाहिली, तो पानेच्या पाने चौकटींनी भरलेली. कोठे भिंती, कोठे दारे, कोठे बाण; किती तरी ठिकाणी खोडून पुन्हा काढलेले. अखेरच्या पानावर बारीक अक्षरांत एक यादी होती. तीत एक वाक्य असे होते : ‘इथे ताई दोनदा अडकली. दार दिसत नाही. चूक माझी.’

‘चूक माझी’ या दोन शब्दांनी आम्हांस विचार करावयास लाविले. आमचा एखादा धडा वर्गास कळला नाही, तर आम्ही वर्गास दोष देतो. या मुलाने मात्र बहिणीस खेळ कळला नाही याचा दोष स्वतःकडे घेतला होता. खेळ रचणाऱ्याच्या अंगी जे गुण लागतात, त्यांचे मूळ आमच्या मते या दोन शब्दांत आहे.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे इष्ट होय. पुष्कळ मुलांस वाटते की, खेळ खूप खेळल्याने खेळ रचता येईल. हे म्हणजे पंक्तीस जेवून जेवून आचारी होण्यासारखे आहे. जेवणाऱ्यास चव कळते. आचाऱ्यास चूल, मीठ आणि जेवणाऱ्याची भूक या तिन्ही गोष्टी कळाव्या लागतात. संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या अवश्य शिकावी, गणितही टाळू नये. परंतु यांच्याही आधी लागणारे काही गुण असे आहेत की ज्यांस यंत्राची गरज नाही.

पहिला गुण निरीक्षणाचा. जपानचे प्रसिद्ध खेळकर्ते शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळील सोनोबे गावी गेले. रानात, टेकड्यांवर भटकावे, गुहेत डोकावावे, हा त्यांचा छंद. पुढे 1986 साली त्यांनी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ केला, तेव्हा अज्ञात प्रदेशात एकट्याने शिरण्याचा तोच आनंद त्यांनी त्यात उतरविला. 1996 साली निघालेल्या ‘पोकेमॉन’चे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत असत, तो खेळ त्या छंदातूनच उपजला. यावरून असे दिसते की, पडद्यावर जे चांगले उमटते ते बहुधा पडद्याबाहेर पाहिलेले असते. जो मुलगा मुंग्यांची रांग पाच मिनिटे पाहू शकत नाही, तो मुंग्यांचा खेळ काय रचणार?

दुसरा गुण अंथरूण पाहून पाय पसरण्याचा. 1981 सालच्या यंत्रांवर आकृती काढावयास अगदी थोडे ठिपके मिळत. तेवढ्यात तोंड स्पष्ट दिसेना म्हणून मियामोतो यांनी आपल्या मारिओस मिशा दिल्या. केस नीट काढता येईनात म्हणून डोक्यावर टोपी घातली. साधनांच्या उणिवेतून जगभर ओळखला जाणारा चेहरा निर्माण झाला. 1978 सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची हकीकतही अशीच आहे. पडद्यावर शत्रू पुष्कळ असले की यंत्र मंद चाले; ते जसजसे कमी होत, तसतसे उरलेले वेगाने धावू लागत. खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी हा यंत्राचा दोष पाहिला, त्यात रंगत आहे हे ओळखले आणि तो तसाच ठेविला. ‘माझ्याजवळ भारी संगणक नाही’ म्हणून हात जोडून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी या दोन गोष्टी अवश्य ध्यानात ठेवाव्या.

तिसरा गुण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा. आणि हाच सर्वांत कठीण. 1980 साली ‘पॅक-मॅन’ करणारे तोरू इवातानी यांनी आपल्या काळच्या खेळघरांत पाहिले, तो तेथे बंदुका आणि युद्ध यांचेच खेळ, आणि खेळणारे बहुतेक पुरुष. येथे कोण येत नाही, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. स्त्रियांनाही यावेसे वाटावे म्हणून त्यांनी मारण्याऐवजी खाण्याचा विषय घेतला. आलेल्याची वाहवा ऐकणे सोपे असते. न आलेल्याचा विचार करणे हे मनाच्या शिक्षणाचे लक्षण आहे. तसेच, आपला खेळ दुसऱ्याच्या हाती दिल्यावर ‘अरे, तसे नव्हे, असे कर’ असे न म्हणता गप्प बसून पाहता आले पाहिजे. खेळणारा जेथे अडतो, तेथे रचणाऱ्याने वही उघडावी. आमच्या त्या विद्यार्थ्याने हेच केले होते, आणि तेही कोणी न शिकविता.

चौथा गुण काम तडीस नेण्याचा. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण या धंद्यात जितकी खरी ठरते तितकी क्वचितच इतरत्र ठरत असेल. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ सुमारे साडेचार वर्षे एकट्याने रचला. चित्रे, संगीत, कथा, आज्ञावली सारे त्याचेच. न आवडलेली चित्रे त्याने पुनःपुन्हा नव्याने काढली आणि 2016 साली खेळ प्रसिद्ध केला. परंतु असा एकांडा शिलेदार विरळा. बहुतेक खेळ अनेकांच्या हातांनी होतात, आणि तेथे दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय लागते. आपल्या पुण्यातील एका लहानशा मंडळीने ‘राजी’ हा खेळ केला. हरवलेल्या भावाच्या शोधास निघालेल्या मुलीची ती कथा. चित्रांस पहाडी शैलीचा आधार, आणि कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपाने मांडलेला. 2017 साली त्यासाठी लोकांकडून पैसा उभा करण्याचा त्यांचा यत्न फसला. तथापि 2020 साली खेळ जगापुढे आला. चित्रकार, कथाकार, संगीतकार आणि गणिती यांनी एकमेकांस सांभाळून घेतल्याखेरीज असे कार्य सिद्धीस जात नाही.

पाचवा गुण सदसद्विवेकाचा. पालकांची आठी सर्वस्वी निराधार नाही. खेळाचे व्यसन हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या रोगसूचीत स्वीकारला. आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेने 2025 साली केला. मुलाने अभ्यास, झोप, जेवण विसरून खेळाशी जखडून राहावे असा खेळ रचता येतो. आणि खेळून उठल्यावर त्याचे मन ताजे राहील असाही रचता येतो. दोहोंस बुद्धी लागते. कोणता रचावयाचा, हे मात्र रचणाऱ्याचे शील ठरविते. म्हणूनच आम्हांस वाटते की, खेळ रचावयाची इच्छा धरणाऱ्या मुलांस दटावून गप्प करण्यापेक्षा त्यांच्या शीलाकडे लक्ष पुरविणे अधिक अगत्याचे आहे. चांगल्या घरची मुले या क्षेत्रात गेली नाहीत, तर ते क्षेत्र ओस पडणार नाही. ते केवळ लोभ्यांच्या हाती राहील, आणि त्यांचे खेळ आपल्याच घरी येतील.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलाने हे स्वप्न बोलून दाखविल्यास लगेच हो किंवा नाही म्हणू नये. ‘काही करून दाखव’ असे म्हणावे, आणि तो जे आणील ते एकवार खेळून पाहावे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस या सुट्टीत एक काम सांगतो. एक पुठ्ठा, मूठभर चिंचोके आणि चार कवड्या घ्या. दहा मिनिटांत संपेल असा एक खेळ रचा. नियम पाचांहून अधिक नकोत. तो धाकट्या भावंडास द्या, आजीस द्या, आणि तोंड मिटून शेजारी बसा. कोण कोठे अडले, कोण कोठे हसले, कोण कंटाळून उठले, हे लिहून ठेवा. मग खेळ सुधारा आणि पुन्हा द्या. असे तीनदा जो करील, त्यास हे काम आपणांस झेपेल की नाही याचे उत्तर आमच्याकडे मागावे लागणार नाही.

राहता राहिली ती वही. दुसऱ्या दिवशी ती आम्ही त्या विद्यार्थ्यास परत दिली. तासाच्या वेळी तास, हे त्यास बजाविले. आणि आदल्या दिवशीच्या कठोर शब्दांबद्दल, ज्या वर्गापुढे ते उच्चारले होते त्याच वर्गापुढे, दिलगिरीही व्यक्त केली. त्याने वही दप्तरात ठेविली आणि जरा घुटमळून विचारले, ‘सर, तुम्ही खेळून बघाल?’ मधल्या सुट्टीत आम्ही बसलो. तिसऱ्या दारापाशी आम्हीही अडकलो. तो शेजारी गप्प उभा होता. आणि त्याच्या हातात पेन्सिल होती.