लाव्ह्याच्या पिलांची मोजदाद कोणत्या दिवशी करावी ?

लाव्हे पाळण्याचा उद्योग आरंभून तो थोड्याच दिवसांत सोडून देणाऱ्या शेतकऱ्यास त्याचे कारण विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : “जातच नाजूक, आली तशी मेली.” हे उत्तर ऐकून घेऊन नोंदवहीत ‘रोगाने मर्तुक’ असा शेरा मारणारे कार्यकर्तेही थोडे नाहीत. वस्तुतः पाळीव जपानी लाव्हा हा पक्षी नाजूक मुळीच नव्हे. १९७४ साली तो अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला, तेथील संशोधकांनी त्याची जोपासना केली, आणि पुढे तो देशात सर्वत्र पसरला. सहा-सात आठवड्यांची मादी अंडी घालू लागते. असा काटक पक्षी मरतो तो बहुतकरून पहिल्या पंधरवड्यात. त्या वेळी तो आजारी पडलेला नसतो. त्यास थंडी बाजलेली असते.

याचे मूळ एका समजुतीत आहे. लाव्ह्याचे पिलू म्हणजे कोंबडीचेच पिलू, फक्त आकाराने लहान, असे धरून चालण्याची पद्धत पडली आहे. परंतु अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले लाव्ह्याचे पिलू वजनाने अवघे ७ ते ८ ग्रॅम भरते. कोंबडीच्या एका पिलाच्या वजनात अशी चार-पाच पिले सहज बसतात. एकाच चुलीवर उकळलेले पाणी वाटीत आणि हंड्यात ओतून ठेवले, तर वाटीतले आधी निवते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पिलांचेही तसेच. शरीर जितके लहान, तितकी त्यातील ऊब लवकर निघून जाते. त्यातच पाळीव लाव्ह्याच्या मादीस खुडूक बसण्याची सवय जवळजवळ राहिलेली नाही, आणि गावठी कोंबडीच्या पंखाखाली ही पिले सोडावीत तर तिच्या पायाखाली चिरडण्याचे भय. तेव्हा ब्रूडर हीच त्यांची आई. ती आई पहाटे तीन वाजता निजून राहिली, तर सकाळी मेलेल्या पिलांचा ढीग उचलावा लागतो.

ब्रूडरसाठी मोठा खर्च लागतो असेही नाही. पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे हातभर उंचीचे गोल कडे, वर टांगलेले दिवे, खाली भाताचे तूस, आणि मांजर व घुशी यांच्यापासून रक्षण करणारी बारीक जाळी एवढ्यावर काम भागते. कडे गोलच हवे. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. कोंबड्यांसाठी वापरावयाच्या जाळीच्या भोकांतून हे पिलू सहज निसटते, हेही ध्यानात ठेवावे. शंभर पिलांस आरंभी सुमारे दीड चौरस मीटर जागा पुरते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब असावी, आणि पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत न्यावी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. हल्ली घरोघर एलईडीचे दिवे आले आहेत. विजेच्या बचतीच्या दृष्टीने ते उत्तमच. परंतु उजेड लख्ख आणि ऊब नाममात्र, असे त्यांचे स्वरूप आहे. ब्रूडरमध्ये असा दिवा लावून ‘दिवा रात्रभर चालू होता, तरी पिले मेली’ असे म्हणणाऱ्याची चूक सहज लक्षात येण्याजोगी आहे. तारेचा जुना बल्ब अथवा खास ऊब देणारा दिवाच हवा. दिवे किती असावेत, हे पुस्तकात पाहण्यापेक्षा पिलांकडे पाहून ठरवावे. दिव्याखाली गोळा होऊन ती चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी आहे. कड्याला चिकटून चोची उघडून धापा टाकीत असतील तर ती अधिक झाली आहे. आणि सारी एकाच बाजूस सरकली असतील तर कोठून तरी वाऱ्याचा झोत येत आहे. सर्वत्र विखुरलेली, खाणारी, मध्येच डुलकी घेणारी पिले दिसली की सर्व ठीक आहे असे समजावे.

निफाडकडील पौषातल्या रात्री आणि विदर्भातील वैशाखातल्या दुपारी यांना एकच माप लागू पडत नाही, हे उघड आहे. शिवाय वीज कोणत्या क्षणी जाईल याचा भरवसा नाही. गरम पाण्याने भरून गोणपाटात गुंडाळलेली मडकी हाताशी तयार असावीत. ती कड्यात ठेवली की दोन-तीन तास निभावून नेता येतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिले तर मरतातच, राखणीस बसलेल्या माणसाच्याही जिवावर बेतते.

उबेच्या खालोखाल पिले दगावतात ती पाण्यात. उथळ ताटलीतही हे पिलू बुडून मरते, अथवा भिजून गारठते. यास्तव पहिला आठवडाभर पाण्याच्या भांड्यात स्वच्छ धुतलेले खडे किंवा गोट्या टाकाव्यात, म्हणजे चोच तेवढी पाण्यास लागते. तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरण्याची चालही घातक आहे; त्यावर पाय घसरून फाकतात, आणि असे पिलू पुढे उभेच राहत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यातील नागमोडी कागद त्याहून पुष्कळ बरा. पहिल्या दिवशी खाद्य त्याच कागदावर पसरावे. ते रव्यासारखे बारीक दळलेले आणि शेकडा २४ ते २७ प्रथिनांचे असावे. अंड्यावरील कोंबड्यांच्या पिलांचे खाद्य त्यास पुरे पडत नाही.

या साऱ्यात अवघड असे काय आहे ? काहीच नाही. तरीही पिले मरतात, कारण वाटपाच्या कामाची मोजदाद पिले ज्या दिवशी घरी पोहोचली त्या दिवशी होते. पाचशे पिले दिली, सही घेतली, काम पुरे झाले ! ही रीत बदलावयास हवी. मोजदाद पंधराव्या दिवशी व्हावी, आणि त्या दिवशी जिवंत असलेली पिले हाच कार्यकर्त्याच्या कामाचा आकडा मानला जावा. कार्यकर्त्याच्या मागे शेकडो कामे असतात, त्याने शेतकऱ्याच्या घरी रात्री जागाव्यात काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु एक फेरी पिले येण्याच्या आदल्या दिवशी आणि एक पहिल्याच रात्री, एवढ्या दोन फेऱ्या तरी अशक्य नाहीत. आदल्या दिवशी ब्रूडर रिकामाच पेटवून, रात्रभर उष्णतामापक टांगून, पहाटेचा पारा कोठे उतरतो हे पाहिल्यावाचून पिले देऊच नयेत. ज्याची ही तयारी नसेल त्याची पाळी पुढच्या खेपेस यावी. आणि पाचशेऐवजी पहिल्या खेपेस शंभरच द्यावीत. पंधरा दिवसांनी नव्वद उरली तर पुढची मागणी शेतकरी आपण होऊन करील.

आणखी असे की, सही बहुधा घरातील पुरुषाची असते आणि रात्री उठून दिवा पाहणारी असते ती घरातील स्त्री. माहिती मात्र सहीवाल्यास दिली जाते. पहिल्या रात्रीच्या फेरीत कार्यकर्त्याने उष्णतामापक तिच्या हाती द्यावा, तो कोठे टांगावयाचा व कसा वाचावयाचा हे तिला दाखवावे, आणि पंधराव्या दिवशीची मोजदादही तिच्यासमक्षच करावी.