जमीन, समुद्र आणि अवकाश

अमेरिकेच्या अध्यक्षांनी मे २०२५ मध्ये काँग्रेसपुढे जे अर्थसंकल्पी प्रस्ताव ठेवले, त्यांत ‘नासा’ या अवकाश संस्थेचा शिक्षणविषयक विभाग बंद करण्याची सूचना होती. धाडसी मोहिमा आखल्या, माणूस चंद्रावर आणि पुढे मंगळावर पाठविला, की तरुणांना आपोआप स्फूर्ती मिळते; त्यासाठी शाळा-महाविद्यालयांवर निराळा पैसा कशाला खर्चावयाचा, असा या सूचनेमागील युक्तिवाद. २०१७ पासून सलग चार वर्षे जवळजवळ हाच प्रस्ताव मांडला गेला होता आणि चारही वेळा काँग्रेसने तो बाजूस सारून निधी चालू ठेवला. परक्या देशाच्या अंदाजपत्रकातील एका लहान बाबीची दखल इकडे घेण्याचे कारण असे, की तिच्या पोटात एक विचार करण्याजोगी योजना आहे. शिवाय स्फूर्तीसंबंधीचा हा युक्तिवाद आपल्याकडेही, कोणी उघड न मांडता, मान्य होऊन बसला आहे.

या योजनेचे नाव ‘स्पेस ग्रँट’. टेक्ससचे सिनेटर लॉइड बेन्टसेन यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये ‘नासा’ने ती अमलात आणली. योजनेचा सांगाडा साधा आहे. प्रत्येक राज्यात महाविद्यालयांचा व विद्यापीठांचा एक संघ असतो. पन्नास राज्ये, राजधानीचा कोलंबिया जिल्हा आणि पोर्टो रिको मिळून असे ५२ संघ आहेत. एका विद्यापीठाकडे संघाचे नेतृत्व असते. लहान महाविद्यालये, दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या स्थानिक संस्था, विज्ञान संग्रहालये आणि काही उद्योग हे सभासद असतात. या सभासदांची देशभरातील संख्या आठशेच्या वर आहे. संघाने विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यावयाच्या, त्यांच्या संशोधनाला हातभार लावावयाचा, शाळांतील शिक्षकांना प्रशिक्षण द्यावयाचे आणि केंद्राकडून येणाऱ्या पैशात राज्याने वा संस्थेने आपलीही भर घालावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

‘ग्रँट’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास होता. १८६२ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. केंद्राच्या ताब्यातील जमीन राज्यांना द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभारावीत, असा तो कायदा होता. त्यातील पुष्कळशी जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेली होती, हा या इतिहासाचा काळा भाग आहे. परंतु उच्च शिक्षण शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलापर्यंत नेले पाहिजे, हे तत्त्व त्या कायद्याने रुजविले. पुढे १९६६ मध्ये सागरी विद्यांसाठी ‘सी ग्रँट’ आली आणि त्यानंतर दोन दशकांनी अवकाशासाठी ‘स्पेस ग्रँट’. जमीन, समुद्र आणि अवकाश अशी ही परंपरा आहे.

या परंपरेतील पहिला दुवा महाराष्ट्राला परका नाही. स्वातंत्र्यानंतर भारतात जी कृषी विद्यापीठे निघाली, ती अमेरिकेतील जमीन-अनुदान विद्यापीठांच्या नमुन्यावरच निघाली. १९६० मध्ये पंतनगरला त्यांतील पहिले विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा इलिनॉय विद्यापीठाचे त्याला साह्य होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे त्याच कुळातली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्यांची त्रिसूत्री आहे. कृषी विद्यापीठांविषयी तक्रारी पुष्कळ असतील. पण कोकणाच्या मातीचा अभ्यास कोकणात आणि विदर्भाच्या कापसाचा अभ्यास विदर्भात झाला पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या मुळाशी होती. अवकाशाच्या बाबतीत मात्र तशी दृष्टी आपल्याकडे अद्याप आलेली नाही.

महाविद्यालयांचा संघ एकेकट्या महाविद्यालयाहून निराळे असे काय करू शकतो, याचे चांगले उदाहरण सूर्यग्रहणांनी दाखवून दिले. २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास ग्रहणात चंद्राची सावली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत धावत गेली. तिच्या मार्गावर ठिकठिकाणी विद्यार्थ्यांच्या गटांनी फुगे सोडले आणि सुमारे तीस किलोमीटर उंचीवरून सावलीची दृश्ये खाली पाठविली. माँटॅनाच्या संघाने या उपक्रमाचे सूत्रसंचालन केले होते. ऑक्टोबर २०२३ चे कंकणाकृती आणि ८ एप्रिल २०२४ चे खग्रास अशा दोन्ही ग्रहणांच्या वेळी तो पुन्हा, अधिक तयारीने हाती घेण्यात आला. पन्नासहून अधिक गट त्यात होते. काहींनी दृश्ये टिपली. काहींनी ग्रहणाच्या आधीपासून नंतरपर्यंत तासातासाला फुगे सोडून तापमान, दाब व वारा यांची मोजणी केली. सावलीमुळे हवा एकाएकी गार झाली, की वातावरणात लाटा उठतात काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

हा प्रश्न कोणाही एका विद्यापीठाला, मग ते कितीही श्रीमंत असो, एकट्याने सोडविता आला नसता. सावली अनेक राज्यांतून जाते. तेव्हा निरीक्षकही अनेक राज्यांत हवेत. येथे लहान महाविद्यालय हे मोठ्याच्या कृपेवर जगणारे आश्रित राहत नाही. ते ज्या गावी आहे, त्या गावी असणे हीच त्याची पात्रता ठरते. संघाच्या कल्पनेतील खरे सामर्थ्य हे आहे. साधनांची वाटणी हा त्याचा दुय्यम लाभ होय.

दुसरे उदाहरण व्हर्जिनियातील वॉलॉप्स तळाचे. तेथे २००८ पासून कोलोरॅडो व व्हर्जिनिया येथील संघांच्या पुढाकाराने एक कार्यशाळा होत आली आहे. विद्यार्थी आणि अध्यापक तेथे येतात, काही दिवसांत सुट्या भागांतून मोजमापाचे उपकरण जुळवितात आणि ते अग्निबाणातून अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परत येते. उपकरण साधे असते. त्यातून नवा शोध लागावा, अशी अपेक्षाही नसते. परंतु आपण केलेला जोड प्रक्षेपणाचा धक्का सहन करतो की नाही, हे ज्याने एकदा अनुभवले, त्याला अभियांत्रिकीचे मर्म कळते. विद्यार्थ्याइतकीच संधी अध्यापकालाही दिली जाते, हे या कार्यशाळेचे वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातो; अध्यापक राहतो.

आता स्फूर्तीच्या युक्तिवादाकडे वळता येईल. तो खोटा नाही, अपुरा आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्रावर उतरले, तेव्हा देशभरच्या शाळांतून मुलांनी टाळ्या वाजविल्या. ती स्फूर्ती अस्सल होती. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे. त्या मुलाने अथवा मुलीने दुसऱ्या दिवशी कोणाकडे जावयाचे? कोणत्या प्रयोगशाळेचे दार ठोठवावयाचे? स्फूर्ती ही ठिणगी आहे. तिला इंधन मिळाले नाही, तर ती विझते आणि मागे केवळ एक आठवण उरते. मोठ्या मोहिमा ठिणगी पाडतात. इंधन पुरविण्याचे काम गावोगावची महाविद्यालये, तेथील अध्यापक आणि त्यांच्या हाती असलेला थोडासा पण खात्रीचा पैसा यांनीच होते.

पैसा थोडासाच लागतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘नासा’च्या संबंध शिक्षण विभागाला २०२४ मध्ये सुमारे १४ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. संस्थेला मिळणाऱ्या दर शंभर डॉलरांत हा वाटा साठ सेंटांचाही नव्हता; आणि ‘स्पेस ग्रँट’ हा त्या वाट्यातील एक भाग. ५२ संघांत विभागून तो प्रत्येकाच्या हाती कितीसा येणार? असे तुकडे सर्वांना वाटण्यापेक्षा चारदोन नामांकित संस्थांना भरघोस द्यावे, असा आक्षेप म्हणूनच घेतला जातो. मोठी दुर्बीण किंवा मोठे यंत्र उभारावयाचे असेल, तेथे तो बरोबर आहे. परंतु माणसे घडवावयाची असतील, तेथे तो चुकतो. बुद्धिमत्ता कोणत्या गावी जन्म घेईल, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून तिच्यासाठीची पेरणी सर्व शेतांत करावी लागते. त्या योजनेचे खरे वैगुण्य निराळे आहे. तिचे भवितव्य दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर टांगलेले असते. अध्यापकाने तीन वर्षांचा उपक्रम आखावा आणि दुसऱ्या वर्षी पैसा येईल की नाही याची खात्री नसावी, ही स्थिती कोणत्याही संशोधनाला मारक होय.

भारतात या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘स्पेस ग्रँट’चा कायदा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, विद्यापीठ अनुदान मंडळाने पुण्यात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन केले. कोठल्याही विद्यापीठातील वा महाविद्यालयातील अध्यापकाने तेथे यावे, ग्रंथालय व साधने वापरावीत आणि पुन्हा आपल्या वर्गात जाऊन शिकवावे, ही डॉ. जयंत नारळीकर यांची दृष्टी होती. २० मे २०२५ रोजी, म्हणजे अमेरिकेत तो प्रस्ताव मांडला गेला त्याच महिन्यात, नारळीकर यांचे निधन झाले. त्यांनी उभे केलेले केंद्र खगोलशास्त्रापुरते संघाचेच काम करीत आले आहे. शाळकरी मुलांसाठी तेथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होणारी व्याख्याने अनेकांच्या स्मरणात असतील. परंतु पुण्यातील एका केंद्राने सगळ्या देशाचा भार वाहावा, ही अपेक्षा योग्य नव्हे.

विद्यार्थ्यांनी बनविलेल्या उपग्रहांची हकीकतही बोलकी आहे. १२ जुलै २०१० रोजी अवकाशात गेलेला, एक किलोहूनही हलका ‘स्टडसॅट’ हा बंगळूर व हैदराबाद येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून केला होता. महाराष्ट्रातील दोन उपग्रह २०१६ मध्ये गेले : जूनमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि सप्टेंबरमध्ये मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘प्रथम’. ‘स्वयम्’साठी विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या सुमारे आठ वर्षे राबल्या. ‘प्रथम’चे संकेत टिपणारी भूकेंद्रे इतर महाविद्यालयांतही असावीत, असा त्याच्या कर्त्यांचा आग्रह होता. या तिन्ही प्रयत्नांना ‘इस्रो’ने प्रक्षेपणाचे साह्य दिले. म्हणजे सहकार्याची इच्छा विद्यार्थ्यांत आहे, साह्याची तयारी अवकाश संस्थेत आहे. उणीव आहे ती दोहोंना जोडणाऱ्या कायम व्यवस्थेची. एखादा जिद्दी अध्यापक किंवा एखादी हुशार तुकडी असली, की काम उभे राहते. ती गेली, की प्रयोगशाळेला कुलूप लागते.

महाराष्ट्रात असा संघ उभारावयाचा झाला, तर साहित्य हाताशी आहे. पुण्यात ‘आयुका’ आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, नागपुरात राज्याचे दूरसंवेदन केंद्र, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि याच संस्थेचे हैदराबादेत उंच जाणारे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. विषयांचीही वाण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बसाल्ट खडकात झालेले आहे. अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी असल्यामुळे चंद्र व मंगळ यांच्या अभ्यासकांना त्याचे मोल मोठे वाटते. त्या विवरापासून तासाभराच्या अंतरावरील महाविद्यालयांना त्याच्या अभ्यासात भागीदारी असावी, ही मागणी अवाजवी नाही. विदर्भ-मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी शेतकरी आणि शेतमजूर दगावतात. वादळी ढगांची मोजणी जिल्ह्याजिल्ह्यांतून एकाच वेळी करावयाची असेल, तर तेथेही ग्रहणाच्या सावलीचाच न्याय लागू पडतो. मोजणारा त्या त्या गावी हवा.

यासाठी नवे भवन, नवा संचालक आणि नवी मोटार यांची गरज नाही. तसे झाले, तर संघ जन्मतःच कार्यालय होईल. प्रमुख विद्यापीठाने हिशेब ठेवावा, सभासदांनी कामे वाटून घ्यावीत, निदान पाच वर्षांचा निधी आधी ठरवून द्यावा आणि अध्यापकाने या कामाला दिलेला वेळ त्याच्या अध्यापनभारात धरावा, एवढे पुरे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. आठवड्याचे तास, परीक्षांचे काम आणि माहितीचे तक्ते भरणे यांतून उरलेल्या वेळात संशोधन करावे, असे अध्यापकाला सांगणे म्हणजे ते करू नये, असे सांगण्यासारखेच आहे.

अमेरिकेत या योजनेचे पुढे काय व्हावयाचे ते त्या देशाचे लोकप्रतिनिधी ठरवितील. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मात्र कोणत्याही अंदाजपत्रकाने रद्द होण्यासारखी नाही. शेतीचे ज्ञान शेतकऱ्याच्या गावापर्यंत नेण्यासाठी महाराष्ट्राने चार विद्यापीठे उभारली, तेव्हा राज्य आजच्याहून पुष्कळ गरीब होते. अवकाशासाठी तेवढेही मागावे लागत नाही. जी महाविद्यालये आहेत, ती एकमेकांना जोडावयाची आहेत आणि चांद्रयानाच्या दुसऱ्या दिवशी दार ठोठावणाऱ्या मुलीला ते उघडणारे कोणी भेटेल, इतकी तजवीज करावयाची आहे.